मोटारसायकलवरील ‘रेडियम’ : ते काढावे केव्हा आणि कसे

आपल्या सभासदांपैकी असा क्वचितच कोणी असेल, की ज्याच्या दुकानापुढे अथवा घराच्या ओट्याशी एक तरी मोटारसायकल उभी नाही. धान्याच्या व्यापारात तर तिच्यावाचून पान हलत नाही. मुनीमजी वसुलीस मानपूरकडे जातात ते तिच्यावर, मालाचा नमुना थैलीत घालून इंदूरच्या मंडीत पोचवावयाचा तो तिच्यावर, आणि घरची मुले महाविद्यालयात जातात तीही तिच्यावरच. ह्या गाड्यांच्या मडगार्डवर, टाकीवर, पुढच्या फोर्कवर व बाजूच्या झाकणांवर चमकणाऱ्या पट्ट्या किंवा चकत्या चिकटविलेल्या आढळतात. काही विक्रेत्याने लावलेल्या असतात, काही आधीच्या मालकाने हौसेने, तर काही हिवाळ्यातील रस्ता-सुरक्षेच्या मोहिमेत कोणा स्वयंसेवकाने. पुढे गाडी विकावयाची वेळ येते, किंवा पट्टीचे कोपरे उचलून तिच्यात धूळ भरते व ती विद्रूप दिसू लागते, आणि ती काढण्याचा विचार मनात येतो. पुष्कळदा तिच्याबरोबर रंगाचा पापुद्राही निघून येतो. मग आतील पत्रा उघडा पडतो, एका पावसाळ्यात तेथे गंज धरतो, आणि गाडीची किंमत करणारा दलाल प्रथम त्या डागावरच बोट ठेवतो. अर्ध्या तासाच्या उतावळेपणाने होणारे हे नुकसान सहज टाळता येण्यासारखे आहे, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

दुकानदार व गिऱ्हाईक दोघेही ह्या पट्टीस ‘रेडियम’ म्हणतात, आणि ती कापून देणारा तो ‘रेडियमवाला’. वस्तुतः तीत रेडियमचा कणही नसतो. रेडियम हे मूलद्रव्य क्यूरी दांपत्याने १८९८ साली शोधून काढले. पुढे घड्याळाचे काटे व आकडे अंधारात दिसावेत म्हणून त्याचा लेप देत असत. त्याचे घातक परिणाम ध्यानात आल्यावर तो प्रघात बंद पडला. अंधारात चमकते ते रेडियम, एवढी समजूत मात्र बाजारात टिकून राहिली. आपल्या पट्टीस स्वतःचा उजेड मुळीच नाही. तिच्या आत काचेचे अतिसूक्ष्म मणी अथवा बारीक लोलक बसविलेले असतात, आणि प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेस ते तो परत पाठवितात. आरशाचे तसे नाही. तो जरा तिरपा असला की उजेड भलतीकडेच टाकतो. परावर्तकाच्या ह्या गुणामुळे मागून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याचा उजेड त्याच ट्रकचालकाच्या डोळ्यांकडे परत जातो, आणि मोटारसायकलचा मागचा दिवा बंद पडलेला असला तरी ती त्याला दुरून दिसते. इंग्लंडात पर्सी शॉ नावाच्या गृहस्थाने १९३४ साली रस्त्यात बसवावयाचे ‘मांजराचे डोळे’ तयार केले, ते ह्याच तत्त्वावर.

हे सारे सांगण्याचे प्रयोजन असे, की कोणती पट्टी काढावी ह्याचा निर्णय ती कशी काढावी ह्याच्या आधी झाला पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ ह्यांतील १०४ व्या नियमाप्रमाणे प्रत्येक मोटारसायकलच्या मागे निदान एक लाल परावर्तक असणे आवश्यक आहे. तो बहुधा मागच्या दिव्याच्या काचेतच घडविलेला असतो, नाहीतर नंबरपट्टीच्या खाली वा वर स्क्रूने बसविलेला असतो. त्यास हात लावू नये. नवीन गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून जी उच्च सुरक्षा नंबरपट्टी येते, तिचा चमकणारा पापुद्रा हाही पट्टीचाच भाग होय. तो खरवडणे म्हणजे पट्टी निकामी करणे. राहता राहिल्या वरून चिकटविलेल्या पट्ट्या. त्यांची परीक्षा रात्री करावी. अंगणातील दिवा मालवून गाडीपासून वीस-पंचवीस पावलांवर उभे राहावे, बॅटरी कपाळाशी धरून गाडीवर उजेड टाकावा. जी पट्टी लखलखीत दिसेल ती जिवंत आहे असे समजावे. जी राखाडी व मळकट दिसेल ती आधी धुऊन पाहावी, आणि धुऊनही तशीच राहिली तर ती केवळ शोभेपुरती उरली आहे. अशी मेलेली पट्टी खुशाल काढावी. पुढच्या बाजूस लावलेली लाल पट्टीही काढण्यास योग्य, कारण सर्वत्र संकेत असा आहे की पुढे पांढरा, मागे लाल व बाजूंस नारिंगी. समोरून लाल चमक पाहणाऱ्यास गाडी आपल्याकडे येते आहे की आपल्यापुढे चालली आहे, ह्याचा क्षणभर संभ्रम पडतो.

सोयाबीनच्या व गव्हाच्या हंगामात सिमरोलच्या किंवा मानपूरच्या रस्त्याने जो रात्री गेला आहे, त्यास आम्ही काय म्हणतो ते अधिक सांगावयास नको. मालाने भरलेली ट्रॉली चाक पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेस उभी असते, मागे ना दिवा ना पट्टी, आणि मोटारसायकलवाल्यास ती दिसते ती दहा हातांवर आल्यावर. तेव्हा चांगली पट्टी निव्वळ आवडत नाही म्हणून काढावयाची असेल, तर तिच्या बदली दुसरी कोठे लावावयाची ते आधी ठरवून मगच काढावी.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम पट्टीच्या कडेवरून नख फिरवावे. कड नखास लागली तर पट्टी रंगाच्या वर आहे. कड मुळीच लागत नसेल, तर ती नक्षी कारखान्यातच पारदर्शक लाखेच्या थराखाली दडविलेली आहे. ती काढण्याचा एकच मार्ग म्हणजे सबंध भाग पुन्हा रंगविणे. तेथे खटाटोप करू नये. दुसरी चौकशी गाडीच्या रंगाची. कारखान्यात लोखंडी भागांवरील रंग सुमारे १४० अंश सेल्सियसच्या भट्टीत भाजून पक्का करतात, आणि प्लॅस्टिकच्या भागांवरील ८० अंशांच्या आसपास. असा रंग पत्र्यास घट्ट धरून असतो. परंतु अपघातानंतर किंवा विकण्यापूर्वी गल्लीतील कारागिराकडून जो रंग मारून घेतलेला असतो, त्याच्याखाली पुष्कळदा नीट घासलेला पत्राही नसतो. तो रंग पट्टीबरोबर येणारच, मग काढणाऱ्याचा हात कितीही हलका असो. जुनी गाडी घेणाऱ्यांनी सीट उचलून आतला रंग व बाहेरचा रंग ताडून पाहावा. छटा वेगळी दिसली, तर त्या गाडीवरील पट्टी आहे तेथेच राहू द्यावी असे आमचे मत आहे.

कारखान्याचा रंग पक्का असला तरी जाड नव्हे. अस्तरापासून वरच्या लाखेपर्यंतचे सर्व थर मिळून जाडी भरते ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि जिच्यामुळे चकाकी दिसते ती लाख त्याच्याही निम्मी. एवढ्याशा जाडीवर ब्लेड, पेचकस, चाकू किंवा भांडी घासण्याची तारेची घासणी चालविणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे. गॅरेजमध्ये पेचकसाचे टोक पट्टीखाली सारून ती एका झटक्यात उडविणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. पट्टी निघते खरी, पण कोपऱ्यावर चंद्रकोरीएवढा पत्रा दिसू लागतो, आणि कारागीर म्हणतो की तेथे आधीपासूनच होते.

चिकट पट्टी व गाडीचा रंग ह्यांचे भांडण जुने आहे. किंबहुना चिकटपट्टीचा एक मोठा शोध ह्याच भांडणातून लागला. अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात दोन रंगी मोटारींची हौस होती. दुसरा रंग देताना पहिला झाकण्यासाठी रंगारी कागद चिकटवीत, आणि कागद काढताना ताजा रंग उपटून येई. सेंट पॉल येथील रिचर्ड ड्रू हा सॅंडपेपर बनविणाऱ्या कंपनीचा नोकर एका रंगशाळेत नमुने घेऊन गेला असता त्याने रंगाऱ्यांचा हा संताप ऐकला, आणि १९२५ साली सहज सुटणारी कागदी चिकटपट्टी तयार केली. असे सांगतात की पहिल्या नमुन्यास फक्त कडांना गोंद होता. तेव्हा रंगारी म्हणाला, ही घेऊन जा आपल्या कंजूष स्कॉच धन्यांकडे. ‘स्कॉच’ हे नाव त्यावरून पडले म्हणतात. गोंदात काटकसर करणारे धनी सर्व देशांत असतात, एवढे आम्ही आमच्यातर्फे जोडतो.

परावर्तकाच्या पाठीवरचा गोंद त्या जातीचा नाही. तो सहज सुटू नये म्हणूनच बनविलेला असतो. त्याचा स्वभाव मात्र काकवीसारखा आहे. घट्ट काकवीतून चमचा सावकाश उचलला तर सुटून येतो. हिसका दिला तर भांडेच वर येते. शिवाय काकवी थंडीत घट्ट व उन्हात पातळ, तसाच हाही. झटका दिला की गोंद दगडासारखा वागतो व स्वतः न सुटता खालचा रंग उचलतो. ऊब व वेळ दिला की तो स्वतःच ताणून सुटतो. पुढील सर्व कृतीचे मर्म एवढ्यातच आहे.

गाडी सावलीत उभी करून साबणाच्या पाण्याने धुवावी. मंडीत फिरणाऱ्या गाडीवर भुशाबरोबर मातीचे बारीक खडे बसलेले असतात, आणि तेच कपड्याखाली आले की रंगावर ओरखडे काढतात. मग पट्टीला ऊब द्यावी. पौष-माघात गोंद अगदी आखडलेला असतो. वैशाखात गाडी घटकाभर उन्हात ठेवली तरी निम्मे काम होते. एरवी लेकीसुनांकडून केस वाळविण्याचा ड्रायर मागून घ्यावा. तो वीतभर अंतरावर धरून सतत हालता ठेवावा, व मधूनमधून पट्टीवर बोट टेकून पाहावे. बोट जेमतेम टेकवता येईल इतकी ऊब पुरे. बोट ओढून घ्यावे लागले तर ती अधिक झाली. कारागीर रंग जाळण्यासाठी जी गरम हवेची बंदूक वापरतात ती ह्या कामी आणू नये. तिची हवा काही शे अंशांची असते, आणि प्लॅस्टिकचे झाकण तिच्यापुढे पापडासारखे वाकते.

येथे एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. ड्रायरच्या आत लाल तापलेली तार असते व त्याच्या मोटारीत ठिणग्या उडतात. पेट्रोलच्या टाकीवरील पट्टीसाठी तो वापरू नये. तेथे गरम पाण्यात पिळलेला जाड फडका दोन-दोन मिनिटे ठेवावा, आणि असे चार-पाच वेळा करावे. तेवढ्याने काम भागते. इतर भागांसाठी ड्रायर वापरतानाही टाकीचे झाकण घट्ट असावे, पेट्रोलचा वास येत नसावा, जवळ पेट्रोलात भिजलेले फडके नसावे, आणि गाडी घरात किंवा गोदामात नसून उघड्यावर असावी. बारदानाच्या थप्पीशेजारी तर हे काम कधीच करू नये. आग कशी पसरते हे धान्याच्या व्यापाऱ्यास शिकवावे लागत नाही.

पट्टी पातळ असेल तर ऊब दिल्यावर तिचा एक कोपरा नखाने किंवा बँकेच्या मुदत संपलेल्या प्लॅस्टिकच्या कार्डाने उचलावा. कोपरा वर उभा ओढू नये. तो उलटा दुमडून, पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर, मागे मागे न्यावा, व तोही इतका सावकाश की मिनिटात दोन बोटे अंतर उकलावे. पट्टी ताठर वाटू लागली की थांबून पुन्हा ऊब द्यावी. जुनी पट्टी पुष्कळदा तुकड्या-तुकड्यांनी येते, आणि कधी वरचा चमकता पापुद्रा निघून खाली रुपेरी थर उरतो. त्याचा राग करू नये. त्या थरालाही तीच कृती.

जाड, ठोकळ्यासारख्या प्लॅस्टिकच्या परावर्तकाची गोष्ट निराळी. तो स्पंजाच्या दुहेरी चिकटपट्टीवर बसविलेला असतो व वाकत नाही, म्हणून त्याला मागे दुमडणे शक्य नसते. त्यास ऊब देऊन त्याच्या पाठीमागून दोरा करवतीसारखा मागेपुढे ओढीत न्यावा, म्हणजे मधला स्पंज कापला जातो. मासे धरण्याच्या गळाची नायलॉनची दोरी ह्यास उत्तम म्हणतात, परंतु ती आपल्या घरांतून सापडावयाची नाही. औषधांच्या दुकानात दात साफ करण्याचा जो मेण लावलेला दोरा मिळतो, तो तितकाच चांगला. दोरा दुहेरी करून त्याची टोके दोन काड्यांस गुंडाळावी, म्हणजे बोटे कापत नाहीत. पोत्याची सुतळी खरखरीत, ती नको. आणि मुलांनी संक्रांतीचा उरलेला मांजा पुढे केला तर तो मुळीच घेऊ नये. त्यावरील काचेची पूड स्पंजाआधी रंगच कापील. नायलॉनच्या मांज्यावर तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातलेली आहे, आणि मोटारसायकलवाल्याच्या गळ्याशी त्याचे वैर सर्वांस ठाऊक आहे.

पट्टी निघाल्यावर जो गोंद मागे राहतो त्यासाठी लोक पेट्रोल किंवा थिनर घेतात. थिनर रंगाची लाख मऊ करतो, प्लॅस्टिकचे पृष्ठ विरघळवितो, आणि दिव्याच्या पारदर्शक झाकणावर सांडला तर त्यास बारीक तडे जातात. पेट्रोलविषयी वर आलेच आहे. ह्या कामास आपल्या माळव्याचे सोयाबीन तेल पुरेसे आहे. खोबरेल किंवा तिळाचे तेलही चालते, पण सोयाबीनचे प्रत्येक घरी असतेच. कापसाचा बोळा तेलात भिजवून गोंदावर दाबून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. गोंद फुगून मऊ होतो. मग अंगठ्याने गोल चोळले की त्याच्या बारीक वळ्या होऊन सुटतात. हट्टी गोंदास दोन-तीनदा हे करावे लागते. शेवटी राहिलेच तर निलगिरीचे तेल थोडेसे घ्यावे, पण आधी सीटखाली न दिसणाऱ्या जागी एक थेंब लावून पाच मिनिटांनी पाहावे. बोळ्यास गाडीचा रंग लागला, तर ते त्या गाडीस मानवत नाही असे जाणावे.

तेल ज्याला चालत नाही अशी एक जागा मोटारसायकलवर आहे, आणि नेमकी तेथेच पट्टी असते. पुढच्या फोर्कवरील परावर्तकाच्या शेजारी ब्रेकची तबकडी असते. तिच्यावर तेलाचा ओघळ गेला तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबत नाही. काम सुरू करण्यापूर्वी तबकडी व टायर प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकून घ्यावे. तरीही शंका आली तर तबकडी औषधांच्या दुकानातील आयसोप्रोपिल स्पिरिटने पुसावी, आणि मिस्त्रीस ब्रेकचे पॅड दाखविल्याखेरीज गाडी रस्त्यावर नेऊ नये.

क्रोमचा मुलामा असलेल्या भागांवर काम सोपे. मुलाम्यास तेलाचे भय नाही, ओरखड्याचे मात्र आहे. मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या रंगाचे अवघड. त्यावर जोराने घासले की तेवढाच भाग चकाकू लागतो, व तो डाग पुन्हा जात नाही. तेथे पॉलिशही लावू नये. टाकीवर हाताने ओढलेल्या रेघा असतील तर त्यांच्याजवळ चोळणे टाळून तेलाचा बोळा नुसता टेकवीत जावे.

सर्व साफ झाले, साबणाच्या पाण्याने तेल धुतले, तरी पुष्कळ गाड्यांवर पट्टीची आकृती उरतेच. तो गोंद नव्हे. आजूबाजूचा रंग वर्षानुवर्षे उन्हाने फिका झालेला असतो, आणि पट्टीखालचा तसाच ताजा राहिलेला असतो. लाल गाडीवर हा फरक सर्वांत उठून दिसतो. चकाकीच्या रंगावर मऊ फडक्याने पॉलिश लावल्यास आजूबाजूचा मळकट थर निघून अंतर कमी होते. ते पुरते मिटविण्यासाठी दाणेदार रबिंग कंपाउंड घेऊन घासत बसणारे लाख घासून टाकतात. एक-दोन उन्हाळे गेले की ताजा भागही उन्हाने उतरतो, आणि आकृती पुसट होते. गाडी विकावयाचीच असेल तर गिऱ्हाईकास खरे कारण सांगावे. फिका रंग व उडालेला रंग ह्यांतील भेद जाणता गिऱ्हाईक ओळखतो, आणि पहिल्यासाठी भाव पाडीत नाही.

काढलेल्या पट्टीच्या बदली नवी लावावयाची, तर ती रंगावर लावण्यापेक्षा मागच्या लोखंडी कॅरियरवर, सामानाच्या पेटीवर किंवा शिरस्त्राणाच्या पाठीवर लावणे आम्हांस अधिक सोयीचे वाटते. शिरस्त्राण उंचावर असते, आणि पेटी बदलली तर पट्टी तिच्याबरोबर जाते. पृष्ठभाग स्पिरिटने पुसून पुरता वाळू द्यावा, मग पट्टी मधून कडांकडे अंगठ्याने दाबीत बसवावी. वाकडी बसल्यास पहिल्या काही मिनिटांतच काढून सरळ करावी. त्या वेळी ती सहज निघते. दिवसागणिक गोंदाची पकड वाढत जाते व पुरती यावयास सुमारे तीन दिवस लागतात, म्हणून तेवढे दिवस त्या जागेवर पाण्याची धार मारू नये.